नैराश्यरोधी औषधे

नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ (ओसीडी) व भीतीचे तीव्र झटके यांवर, तसेच मज्जातंतूंच्या काही चिवट वेदनांवर वापरला जाणारा औषधगट. आज सर्वाधिक लिहून दिला जाणारा वर्ग एसएसआरआय (सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाचे पेशींत परत शोषले जाणे निवडकपणे रोखणारी औषधे) हा असून फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, पॅरोक्सेटिन ही औषधे त्यात येतात. व्हेन्लाफॅक्सिनसारखी एसएनआरआय (सेरोटोनिनबरोबर नॉरॲड्रेनॅलिनचेही पुनर्शोषण रोखणारी), इमिप्रामिनसारखी त्रिचक्रीय (रेणूत तीन कडी असलेली) आणि अशी रसायने मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) रोखणारी एमएओआय हे इतर वर्ग होत. मिर्टाझापिन व ब्युप्रोपिऑन या चौकटीबाहेरची. या गोळ्यांची चटक लागत नाही. मात्र शरीराला त्यांची सवय होते आणि त्या एकाएकी तोडल्या तर त्रास होतो. या सवयीलाच व्यसन समजून अनेक रुग्ण उपचार नाकारतात, तर सवय मुळीच होत नाही असे ऐकलेले लोक गाफील राहतात.

उगम : या गटाचा आरंभ सामान्यतः १९५७ पासून धरतात, पण ही तारीख निर्विवाद नाही. इप्रोनियाझिड हे मुळात क्षयावरचे औषध. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात ते घेणारे क्षयरोगी कमालीचे उत्साही दिसू लागले, त्यांची भूक वाढली. ते मोनोअमाइन ऑक्सिडेजला रोखते हे त्याच वर्षी ई. ए. झेलर यांनी दाखवले. नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णांवरील परिणाम १९५७ मध्ये मांडला. या श्रेयावरून पुढे सहकाऱ्यांतच वाद होऊन प्रकरण न्यायालयात गेले. तथापि आयसोनियाझिड हे जवळचे औषध पॅरिसमध्ये झाँ दले यांनी आणि सिनसिनाटीत मॅक्स लुरी व हॅरी सॅल्झर यांनी नैराश्यावर त्याआधीच, १९५२-५३ च्या आसपास, वापरून पाहिले होते. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथे रोलांड कून इमिप्रामिनची चाचणी छिन्नमनस्कतेवर (स्किझोफ्रेनियावर) घेत होते. तेथे ते निरुपयोगी ठरले. नैराश्याच्या रुग्णांत मात्र स्पष्ट सुधारणा दिसली. ती कून यांनी १९५७ मध्येच प्रसिद्ध केली. कोणत्या प्रकारच्या नैराश्यात औषध लागू पडते हेही त्यांनी बारकाईने नोंदवले असल्याने, अग्रमान कोणाला द्यायचा या प्रश्नात कून यांचा पक्ष अधिक भक्कम वाटतो. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मान्यता मिळाली.

कार्यपद्धती : नैराश्य म्हणजे मेंदूतील काही रसायनांची कमतरता, हे गृहीतक १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनॅलिनच्या आणि १९६७ मध्ये ॲलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनच्या संदर्भात मांडले. त्यातली अडचण अशी : एसएसआरआयची गोळी सेरोटोनिनचे पुनर्शोषण काही तासांतच रोखते, पण मनाला पूर्ण उतार पडायला आठवडे लागतात. चेतापेशींतील ग्राही (रसायनांचे संदेश टिपणारे रेणू) हळूहळू जुळवून घेतात, नव्या जोडण्या तयार होतात, भावनिक माहितीकडे पाहण्याचा कल आधी बदलतो, अशी स्पष्टीकरणे दिली जातात. यांपैकी एकावरही एकमत नाही. सेरोटोनिनच्या कमतरतेचा ठोस पुरावा सापडत नाही, असा निष्कर्ष २०२२ मधील एका व्यापक समीक्षेने काढला. त्यावरून औषधे निरुपयोगी ठरवणे मात्र चुकीचे आहे. औषध कसे काम करते आणि ते काम करते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ५२२ चाचण्या आणि २१ औषधे तपासणाऱ्या २०१८ च्या विश्लेषणात प्रत्येक औषध निरौषधी गोळीपेक्षा सरस ठरले, पण सरासरी फरक माफक होता.

सुरुवातीचा काळ : दुष्परिणाम आधी आणि गुण नंतर, हा या उपचाराचा सर्वांत कठीण भाग. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता, झोपेतील बदल पहिल्या काही दिवसांत जाणवतात व बहुधा दोनेक आठवड्यांत ओसरतात. सुधारणेची चाहूल एक-दोन आठवड्यांत लागू शकते; पुरेसा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. रुग्णाचे उपचार सुटतात ते नेमके या मधल्या काळात. लैंगिक इच्छा व क्षमता कमी होणे हा दुष्परिणाम आपोआप ओसरेलच असे नाही. संकोचामुळे तो क्वचितच सांगितला जातो, म्हणून डॉक्टरांनी तो स्वतःहून विचारावा.

पंचविशीच्या आतील रुग्णांत सुरुवातीला आणि डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी ठळक इशारा दिला व २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. एका जागी बसवत नाही अशी तगमग, नवा चिडखोरपणा किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार दिसले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. द्विध्रुवी (बायपोलर) विकार असलेल्यांत ही औषधे उन्मादाचा झटका आणू शकतात. पूर्वी तसा काळ येऊन गेला असल्यास तो आधीच सांगणे आवश्यक आहे.

इतर औषधांशी संबंध : १९६३ मध्ये बॅरी ब्लॅकवेल यांनी एमएओआय घेणाऱ्यांत मुरवलेल्या चीजमधील टायरामिनमुळे रक्तदाब धोकादायक पातळीवर जातो, हे दाखवून दिले. असे चीज टाळण्याचे पथ्य त्याच वर्गापुरते आहे. एसएसआरआयसोबत एमएओआय, लिनेझोलिड हे प्रतिजैविक, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची औषधे किंवा सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. थरथर, घाम, जुलाब, स्नायूंचे झटके, ताप आणि गोंधळलेपण ही त्याची लक्षणे असून ही स्थिती तातडीच्या उपचारांची आहे. एमएओआय आणि एसएसआरआय यांची अदलाबदल करताना मध्ये साधारण दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. फ्लुओक्सेटिननंतर एमएओआय सुरू करायचे तर पाच. ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. वृद्धांत रक्तातील सोडियम घटून तोल जाणे, भ्रम असे प्रकार होतात. त्रिचक्रीय औषधांचा अतिरिक्त डोस हृदयाला घातक ठरतो, म्हणून घरात त्यांचा साठा करू नये. गरोदरपणी औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

औषध थांबवणे : बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवण्याचा प्रघात आहे, पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्यांत अधिक काळ. थांबवताना डोस उतरवण्याचे गणित सरळ रेषेत चालत नाही. मेंदूच्या चित्रणावरून असे दिसते, की सिटॅलोप्राम या एसएसआरआयचे २० मिलिग्रॅम सेरोटोनिनच्या वाहकांपैकी (ते पेशीत परत नेणाऱ्या रेणूंपैकी) सुमारे ८० टक्के अडवतात आणि डोस ४० मिलिग्रॅम केला तरी त्यात थोडीच भर पडते. उलट ५ मिलिग्रॅमच्या आसपासही सुमारे ६० टक्के वाहक अडलेलेच असतात. म्हणजे २० वरून १० वर येणे मेंदूला फारसे जाणवत नाही, पण ५ वरून शून्यावर येणे ही मोठी उडी ठरते. याच आधारावर मार्क होरोविट्झ व डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये, शेवटच्या टप्प्यात डोस अत्यल्प प्रमाणात आणि बराच काळ घेऊन उतरवावा, अशी शिफारस केली. तोवर रूढ असलेला दोन-चार आठवड्यांचा कालावधी अनेकांना अपुरा पडतो, हे आता बऱ्याच तज्ज्ञांना मान्य आहे. मात्र नेमक्या कोणत्या गतीने डोस उतरवावा यावर चाचण्या थोड्याच झाल्या आहेत.

चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, भडक स्वप्ने, फ्लूसारखी अंगदुखी, रडू कोसळणे ही थांबवण्याची लक्षणे. २०२४ च्या एका विश्लेषणानुसार ती साधारण ३१ टक्के लोकांत आढळतात, पण निरौषधी गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्क्यांत दिसतात. पॅरोक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन यांत त्रास अधिक. फ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडत असल्याने त्यात कमी. नैराश्य परतले आहे, की हा औषध सुटल्याचा त्रास आहे, हे ओळखण्याला दोन खुणा उपयोगी पडतात. असा त्रास सहसा डोस उतरवल्यावर काही दिवसांतच सुरू होतो आणि आधीचा डोस पुन्हा चालू केल्यास लवकर शमतो. नैराश्य बहुधा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी हळूहळू परतते आणि त्यात चक्कर किंवा विजेच्या झटक्यांची संवेदना नसते.