पाळी चुकण्याआधीचा खाऊ

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये २००६ साली ‘सरस’ नावाचा एक प्रयोग सुरू झाला. लग्न झालेल्या, पण अजून दिवस न राहिलेल्या बायकांना वस्तीतल्याच केंद्रावर रोज खाऊ मिळायचा आणि तो तिथेच बसून संपवायचा. (घरी नेलेला खाऊ मुलांच्या पोटात जातो, हे कोणतीही अंगणवाडी सेविका सांगेल.) एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध, दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. साडेसहा हजारांहून जास्त बायका यात होत्या.

दिवस राहण्याआधीपासून कशाला? बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत बंद होते. पाळी चुकली, आशाताईंकडे नाव नोंदवलं, लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या हातात पडल्या, तोवर हे काम बहुतेक वेळा उरकलेलं असतं.

सगळ्या बाळांचा हिशेब केला तेव्हा दोन गटांच्या जन्मवजनात ठळक फरक दिसला नाही. मात्र किमान तीन महिने आधीपासून पालेभाजीचा खाऊ खाल्लेल्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. एवढंच? मला तरी दुसरा आकडा मोठा वाटतो: गरोदरपणातला मधुमेह बटाट्याच्या गटात १२.४ टक्के बायकांना झाला, पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के.

एक गोष्ट मात्र टोचते. अगदी बारीक, हडकुळ्या आयांच्या बाळांचं वजन वाढलंच नाही. खाऊतून मिळायच्या जेमतेम १६५ कॅलरी. जिचं स्वतःचंच पोट भरत नाही, तिच्या अंगालाच त्या पुरल्या नसाव्यात. अशा बाईला पूर्ण जेवणच हवं. राज्यातल्या आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून तसं गरम जेवण मिळतं, पण ते गरोदर आणि स्तनदा मातांना, म्हणजे दिवस राहिल्यावरच.

बाळंतपणानंतर भूक आणखी वाढते. गरोदरपणी रोज ३५० कॅलरी जास्त लागतात, अंगावर पाजताना पहिले सहा महिने ६००. तरीही आई अशक्त आहे म्हणून दूध आटतं, हा समज बहुतांशी चुकीचा. शरीर दूध कमी पडू देत नाही. कॅल्शियम तर आईच्या हाडांतून काढून देतं. या भीतीपोटी गरिबाघरी पावडरीचा महागडा डबा येतो, त्याचं वाईट वाटतं.

बी-१२ या जीवनसत्त्वाचं तसं नाही. आईच्या अंगात ते कमी असेल तर दुधातही कमीच उतरतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचं रक्त तपासलं, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये ते कमी निघालं. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांतून ताकद मिळते, बी-१२ नाही. पालेभाजीतही ते नसतं. त्याला दूध-दही, अंडं नाहीतर सुकट लागते.