आट्यांवरची टेप म्हणजे डिंक नव्हे

नळाच्या जोडातून पाणी ठिबकू लागलं की सल्ला ठरलेला: बाहेरून टेफ्लॉन टेप गुंडाळा, वर एम-सील थापा. वर्षानुवर्षे चालत आलेला हा उपाय फार तर प्लंबर येईपर्यंतची मलमपट्टी आहे.

टेफ्लॉन टेपला गोंद नसतो, त्यामुळे बाहेरून ती काहीच धरून ठेवत नाही. तिची जागा आट्यांच्या, म्हणजे जोडावरच्या स्क्रूसारख्या खाचांच्या, आत. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचे बाहेरचे आटे टोकाकडे किंचित निमुळते असतात. जोड पिळत नेला की ते घट्ट रुततात, टेप घसरण सोपी करते आणि उरलेली फट भरते. म्हणून ती जोड पिळण्याच्याच दिशेने गुंडाळायची, नाहीतर पिळताना उलगडते. घट्ट झालेला जोड तोटी सरळ दिसावी म्हणून जरासा मागे फिरवला, तर गळती पुन्हा सुरू. हे तर भलेभले करतात!

एम-सीलला कोरडा, स्वच्छ पृष्ठभाग लागतो. ठिबकत्या जोडावर तो धरणार कसा? शिवाय 10 मीटर उंचीवरच्या टाकीचं पाणी दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलोने आतून ढकलत असतं.

जुने प्लंबर आट्यांवर सूत आणि सफेदा (पांढरा लेप) लावतात, त्याला मात्र हसू नका. धागा पाण्याने फुगून फट बुजवतो.

गीझरच्या लवचीक कनेक्शन पाइपला टेप लागतच नाही. तिथे पाणी अडवतो तो आतला रबरी वायसर. तो बदला. प्लास्टिकच्या सॉकेटात (आतून आटे असलेल्या जोडतुकड्यात) टेपचे थरावर थर कोंबून पान्ह्याने आवळलंत, तर सॉकेटच तडकेल.