एप्रिलमधला ऐन आणि उपग्रहाची नजर

एप्रिलच्या दुपारी ठाण्यातून येऊरच्या जंगलात शिरलं की पायाखाली ऐनाच्या झाडांची पानं कुरकुरतात. वर फांद्या उघड्या, खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. हे जंगल मेलेलं नाही. पानं गाळून पाणी राखून बसलंय. पण त्याच आठवड्यातलं सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र बघा (कुणालाही फुकट बघता येतं), तिथे हा पट्टा तपकिरी दिसतो. उलट एखाद्या उतारावर ओळीने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ बारा महिने हिरवी. जंगल किंवा लागवड कशी आहे हे उपग्रहावरून तपासताना नुसता हिरवेपणा मोजला तर बाभूळ पास आणि ऐन नापास!

हा हिरवेपणा मोजतात कसा? जिवंत पान अन्न तयार करताना लाल प्रकाश शोषतं, आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. परतलेल्या या दोन प्रकाशांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की उणे १ ते १ च्या दरम्यान एक आकडा येतो. सेंटिनेल-२ दर १० मीटरच्या चौकोनासाठी तो देतो. ऐनाचं एक मोठं झाड त्यात जेमतेम मावतं. मात्र पावसाळा सरता सरता खारघर-पारसिकच्या डोंगरांवर नुसतं गवतही हा आकडा चांगलाच वर नेतं. म्हणून लागवड जगली का हे बघायचं तर दर वर्षीचा ऑक्टोबर ऑक्टोबरशी आणि एप्रिल एप्रिलशी ताडून पाहायला हवा. एका चित्रावरून निकाल लावणं मला मुळीच पटत नाही.

चीनने १९७८ साली उत्तरेकडच्या वाळवंटी पट्ट्यात प्रचंड वनीकरण सुरू केलं. ते २०५० पर्यंत चालायचं आहे. एवढा मुलूख पायी कोण तपासणार? चीनमधल्याच संशोधनातून २०१३ मध्ये उपग्रहचित्रांवरून काढायचा एक निर्देशांक पुढे आला. त्यात हिरवेपणाबरोबर ओलावा, जमिनीचा उघडेपणा आणि पृष्ठभागाचं तापमान एकत्र धरतात. ओलावा फार मोलाचा, कारण कोरड्या मुलखात दाट लावलेली झाडं जमिनीतलं पाणीच उपसून घेतात. वरून हिरवं, खालून कोरडं.

आपल्याकडे अडचण वेगळी: जून ते सप्टेंबर ढग. आणि एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची घनता १० टक्क्यांच्या वर असली की भारतीय वन सर्वेक्षण ती वनाच्छादनात मोजतं, मग झाडं कुठलीही असोत. ऐन आणि बाभूळ तिथे एकाच रकान्यात.

म्हणूनच ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेल्या निसारकडे माझं लक्ष आहे. इस्रो आणि नासाचा हा रडार उपग्रह ढगांना जुमानत नाही. त्याच्या सुमारे २४ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरी पानांमधून आरपार जाऊन फांद्या-खोडांवरून परततात. पान नसलेला एप्रिलमधला ऐनही त्याला दिसतो.