पार्श्वभूमी : पाचव्या इंडियाना जोन्सच्या शेवटावरून दोन तट का पडतात

पुरातत्त्वज्ञ इंडियाना जोन्सच्या चित्रपटमालिकेतला पाचवा भाग 'डायल ऑफ डेस्टिनी' जून 2023च्या अखेरीस पडद्यावर आला. आजही नाशिकला कॉलेज रोडवर चहाच्या गाडीपाशी त्याचा विषय निघाला की जुने चाहते हमरीतुमरीवर येतात. ऐंशीच्या नटाने हातात चाबूक घ्यावा का, हा मुद्दा त्यात तोंडी लावण्यापुरता. खरा राग शेवटावर आहे.

पहिले तीन भाग 1981, 1984 आणि 1989चे. त्यांच्याविषयी नव्याने सांगावे असे एकच. दुसऱ्याची कथा भारतात घडते, पण पटकथा इथल्या सरकारला आक्षेपार्ह वाटली, परवानगीचे जमले नाही आणि सगळा लवाजमा श्रीलंकेत कँडीला गेला. पुढे चित्रपटावर इथे बंदीही आली. पंगतीत माकडाचा मेंदू वाढणारा राजवाडा पाहून दुसरे काय होणार होते? इथल्या अनेकांनी तो पाहिला तो भाड्याच्या कॅसेटवर नाहीतर केबलवर. तिसऱ्याच्या शेवटी चौघे घोडेस्वार मावळतीकडे दौडत जातात. मालिका तिथेच संपली, असे मानणारे आजही पुष्कळ आहेत.

चौथा आला तो थेट 2008मध्ये. मूळ कथाकाराला परग्रहवासी हवे होते, दिग्दर्शकाची फारशी इच्छा नव्हती. शेवटी परग्रहवासी आलेच. नायक फ्रीजमध्ये बसून अणुस्फोटातून वाचतो, त्याची टिंगल जगभर झाली. पण त्या भागाने एक काम नीट केले होते. पहिल्या भागातल्या मॅरियनशी त्याचे लग्न लावले आणि पदरात मुलगा टाकला. घर मार्गी लागले.

2012मध्ये निर्मिती संस्थाच सुमारे 400 कोटी डॉलरला विकली गेली. पाचव्याची घोषणा 2016मध्ये झाली, तारीख होती जुलै 2019. ती पुढे पुढे सरकत राहिली. 2020मध्ये आधीचे चारही भाग करणारा दिग्दर्शक बाजूला झाला, 2021मध्ये चित्रीकरणात नायकाचा खांदा दुखावला. एवढे होऊन चित्रपट आला तेव्हा मुलगा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला आणि नवराबायको वेगळे झालेले. म्हणजे 2008ची कमाई सुरुवातीलाच पुसलेली. सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला 1906मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या 13,000हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता. त्यांतल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे, तरी नहपानाचा चेहरा खालून डोकावतोच. नव्या मालकांनी मात्र जुना छाप आधी घासून काढला.

आता तो शेवट. कथेतले यंत्र खऱ्या अँटिकिथेरा यंत्रावरून घेतलेले आहे. ग्रीसजवळ बुडालेल्या जहाजातून 1901मध्ये वर आलेले त्याचे गंजके तुकडे अथेन्सच्या संग्रहालयात आहेत. सूर्यचंद्राच्या जागा आणि ग्रहणे सांगणारी ती कांस्याची दातेरी चाके. चित्रपटात ते काळात भोक पाडते आणि 1969मधला नायक विमानासकट सिसिलीतल्या सिराक्यूज शहराला पडलेल्या रोमन वेढ्यात, इसवी सनापूर्वी 212च्या सुमाराला जाऊन पडतो. गोळी लागलेली, समोर साक्षात आर्किमिडीज. जन्मभर ज्याची माती उकरली तो काळ डोळ्यांपुढे उभा. मला इथेच राहू द्या, म्हणून तो गयावया करतो. त्याची मानसकन्या ऐकत नाही. एक ठोसा लगावते आणि त्याला जाग येते ती न्यूयॉर्कच्या घरात. मग मॅरियन किराण्याच्या पिशव्या घेऊन येते आणि पहिल्या भागातला 'कुठे दुखत नाही' हा प्रसंग उलटा वळतो.

एक गट म्हणतो, पुरातत्त्वाच्या माणसाला याहून चांगले मरण कुठले? दुसरा म्हणतो, वस्तू संग्रहालयातच हवी म्हणून जो आयुष्यभर भांडला, त्याने स्वतःच चुकीच्या काळाच्या थरात सापडावे हे शोभत नाही. युक्तिवाद देखणा आहे, पण टिकत नाही. आर्किमिडीजच्या सांगाड्याच्या मनगटावर विसाव्या शतकातले घड्याळ याच चित्रपटाने आधी दाखवले आहे; थर बिघडवायला त्यांची हरकत नव्हतीच. मॅरियनचा प्रसंग गोड आहे, नाही कोण म्हणते? पण त्याचा निर्णय त्याला बेशुद्ध करून घेतला गेला, ही सल त्याने जात नाही. परत यायचेच होते तर शुद्धीवर, स्वतःहून यायला हवा होता.

खर्च सुमारे 30 कोटी डॉलर, जगभरची तिकीटविक्री 38 कोटींच्या आसपास. त्यातला जवळपास निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो, तेव्हा धंदा बुडालाच. शिवाय आणखी एक तक्रार हमखास निघते. बंदी आलेल्या त्या दुसऱ्या भागात नायकाचे बोट धरून फिरणारा पोरगा मोठा झाला आणि मार्च 2023मध्ये, हा भाग येण्याआधी साडेतीन महिने, त्याने दुसऱ्याच चित्रपटासाठी ऑस्कर उचलले. पाचव्या भागात तो कुठेच दिसत नाही.