सेशन टाइमआउट, वेब अर्जांतील

लॉगिन केलेल्या व्यक्तीकडून ठरावीक काळात एकही विनंती आली नाही की सर्व्हर (संकेतस्थळ चालवणारा संगणक) तिचे सेशन, म्हणजे लॉगिनपासून तिची ओळख जपणारी नोंद, रद्द करतो. यास सेशन टाइमआउट म्हणतात. अनेक पानी अर्ज भरताना याचा विशेष जाच होतो. कारण चौकटींत चाललेले टायपिंग ब्राउझरपुरतेच राहते. सर्व्हरला ते दिसत नाही. अर्धा तास मन लावून माहिती भरणारा अर्जदार आणि पान उघडे टाकून उठून गेलेला अर्जदार, दोघेही त्याच्या लेखी सारखेच निष्क्रिय ठरतात.

ब्राउझर व सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीत प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. विनंत्यांना एका धाग्यात ओवण्यासाठी नेटस्केप या ब्राउझर कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये कुकीची, म्हणजे ब्राउझर जपून ठेवून दर विनंतीसोबत परत पाठवतो त्या छोट्या नोंदीची, योजना केली; तिचे पहिले आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज (क्र. २१०९), १९९७ मध्ये आले. कुकीत बहुधा केवळ सेशनचा ओळखक्रमांक असतो आणि बाकीची माहिती सर्व्हरवर राहते. ती किती काळ ठेवायची, याची मूळ सेटिंग वेबसाइट उभारण्याच्या प्रत्येक प्रणालीत वेगळी आहे : एएसपी.नेटमध्ये २० मिनिटे, पीएचपीत १,४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटे, टॉमकॅटमध्ये ३० मिनिटे, तर जँगोमध्ये कुकीची मुदत दोन आठवडे.

या मर्यादांमागील हेतू दोन प्रकारे सांगितला जातो. एका मतानुसार, उघड्या राहिलेल्या संगणकाचा दुसऱ्याने गैरफायदा घेऊ नये, हा त्यांचा उद्देश होय. युनिक्सच्या शेलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या प्रोग्राममध्ये) निष्क्रिय वापरकर्त्याला आपोआप बाहेर काढणाऱ्या सोयींशी, म्हणजे कॉर्न शेलमधील टीएमआउट आणि टीसी शेलमधील ऑटोलॉगआउट यांच्याशी, त्यांचे नाते जोडले जाते. दुसऱ्या मतानुसार, सर्व्हरची जागा मोकळी करणे हे मूळ प्रयोजन असून सुरक्षेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. निदान पीएचपीपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथे मुदत उलटलेले सेशन घड्याळ लावून पुसले जात नाही. मूळ सेटिंगनुसार, सेशन सुरू करणाऱ्या दर शंभर विनंत्यांमागे सरासरी एकदा साफसफाई होते. वर्दळ कमी असल्यास २४ मिनिटांनंतरही ते शाबूत सापडू शकते. सुरक्षेचे कुलूप म्हणून कोणी अशी रचना केली असती, हे संभवत नाही.

मजकूर नेमका हरवतो तो पुनर्निर्देशनात, म्हणजे सर्व्हर ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे वळवतो तेव्हा. ‘सादर करा’ दाबताच ब्राउझर पोस्ट (भरलेली माहिती सोबत नेणारी) विनंती पाठवतो. सेशन संपले असल्याने सर्व्हर ३०२ हा संकेत देऊन लॉगिनच्या पानाकडे वळवतो आणि ब्राउझर तेथे गेट (केवळ पान मागणाऱ्या) विनंतीने जातो. पोस्टमधील मजकूर वाटेतच गळतो. हे वर्तन चुकीचे असल्याची टीप आरएफसी १९४५ मध्ये (१९९६) आहे, परंतु रूढी मोडली नाही; अखेर आरएफसी ७२३१ ने (२०१४) तिला मुभा दिली. विनंतीची पद्धत (पोस्ट वा गेट) जशीच्या तशी राखणारा ३०७ हा संकेत १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये आला खरा, पण त्याने येथे काम भागत नाही : आख्खा अर्ज लॉगिनच्या पानावर जाऊन आदळतो. दुसऱ्या टॅबमध्ये पुन्हा लॉगिन करून जुन्या पानावरून अर्ज पाठवला, तरी त्यातील सीएसआरएफ टोकन (अर्ज त्याच संकेतस्थळाच्या पानावरून आल्याची गुप्त खूण) जुन्या सेशनचे असल्यास तो नाकारला जातो. लाराव्हेल ही पीएचपीवर आधारित प्रणाली अशा वेळी ४१९ हा अनधिकृत संकेत देते.

उपायांपैकी मुदत सरसकट वाढवणे सर्वांत सोपे, पण लंगडे. पार्श्वभूमीला दर काही मिनिटांनी विनंती पाठवत राहिल्यास उठून गेलेल्या माणसाचे सेशनही जिवंत राहते. म्हणून कळ दाबली गेली असेल तरच ती पाठवणे बरे. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावे यासाठीच्या, डब्ल्यूसीएजी २.० (२००८) निकषांतील एका पर्यायानुसार, मुदत संपण्यापूर्वी इशारा देऊन ती साध्या कृतीने वाढवण्यास किमान २० सेकंद द्यावेत आणि अशी वाढ किमान दहा वेळा मिळावी. पुन्हा लॉगिन केल्यावर माहिती न गमावता काम पुढे चालू राहावे, हा निकष मात्र सर्वोच्च ‘एएए’ पातळीवर ठेवला आहे. अर्जदाराच्या दृष्टीने खरी निकड त्याचीच असते.

मसुदा आपोआप जतन करणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय, कारण त्यात सेशन संपले तरी बिघडत नाही. मसुदा सर्व्हरवर खात्याशी जोडून ठेवतात किंवा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे अर्जदाराच्याच संगणकावरील साठ्यात. लोकल स्टोरेजला स्वतःची मुदत नसल्याने सामायिक संगणकावर पुढच्या माणसाला आधीच्याची माहिती दिसू शकते. पासवर्ड व कार्ड क्रमांक तर मसुद्यातून वगळावेतच. जोडलेल्या फाइलींची निवड मात्र अशा मसुद्यातून परत येत नाही : सुरक्षेच्या कारणास्तव फाइलच्या चौकटीत संगणकावरील मार्ग भरण्यास ब्राउझर स्क्रिप्टला (पानातील प्रोग्रामला) मनाई करतो. फाइल निवडताक्षणीच सर्व्हरवर चढवून घेतली नसेल, तर अर्जदाराला ती पुन्हा निवडावी लागते.