इंजिनातील कार्बन-संचय

इंधन व वंगणतेल यांच्या अपुऱ्या ज्वलनातून आणि उष्णतेने होणाऱ्या विघटनातून मोटारगाडीच्या इंजिनात जे काळे, कठीण किंवा चिकट थर धरतात, त्यांना कार्बन-संचय म्हणतात. हे थर निव्वळ कार्बनचे नसतात. वंगणतेलातील पूरकांमधून (गुणधर्म सुधारण्यासाठी मिसळलेल्या रसायनांतून) आलेले कॅल्शियम, जस्त व फॉस्फरसही त्यांत आढळतात.

इनलेट वाल्व्हवरील (सिलिंडरमध्ये हवा आत घेणाऱ्या झडपेवरील) थराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जुन्या विवेचनांत इंधनापासून तयार होणाऱ्या डिंकावर भर होता, आणि कार्ब्युरेटर व एमपीएफआय (वाल्व्हबाहेरच्या हवामार्गात इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनांपुरता तो बव्हंशी टिकतो. या रचनांत पेट्रोल वाल्व्हच्या पाठीवर पडते व त्यातील स्वच्छताकारक पूरके थर धुऊन काढतात. अमेरिकेत अशी पूरके १९९५ पासून सक्तीची आहेत. मित्सुबिशीने १९९६ मध्ये प्रचारात आणलेल्या जीडीआय (गॅसोलिन डायरेक्ट इंजेक्शन) प्रकारात मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने वाल्व्ह धुतलाच जात नाही. तेथील थरासाठी क्रँककेसमधील (इंजिनाच्या तळाच्या, तेल असलेल्या कप्प्यातील) वाफांबरोबर ओढले जाणारे तेलाचे तुषार, वाल्व्हच्या दांड्यावरून झिरपणारे तेल आणि मागे परतणारा एक्झॉस्ट वायू ही कारणे सांगितली जातात. थरात सापडणारे धातू पाहता तेलाला प्राधान्य देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. एक्झॉस्टमधील काजळी त्या तेलात कालवली जाऊन थर घट्ट होतो, हेही खरे. टोयोटाने २००५ च्या सुमारास एकाच इंजिनात वाल्व्हबाहेर व थेट सिलिंडरमध्ये फवारणारे असे दोन्ही प्रकारचे इंजेक्टर बसवले, त्यामुळे वाल्व्ह पुन्हा धुतला जाऊ लागला.

ज्वलनकक्षातील थर उष्णता अडवतो आणि जागाही व्यापतो, त्यामुळे नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांची) प्रवृत्ती वाढते. आधुनिक गाडीत हे ठोके ओळखणाऱ्या नॉक सेन्सरमुळे ठिणगी उशिरा पाडली जाते. आवाज फारसा येत नाही, पण पिकअप व ॲव्हरेज घटतात आणि चालकाला कारण उमगत नाही. वाल्व्हवरील सच्छिद्र थर पेट्रोल शोषून घेतो, म्हणून सकाळी गाडी सुरू होताना अडखळते. पिस्टन रिंगा चिकटल्यास इंजिन तेल खाऊ लागते.

थंड हवामानात इंजिन पुरेसे तापत नाही म्हणून थर वाढतो, असे सांगितले जाते; ठाणे व नवी मुंबईत हे कारण लागू पडत नाही. येथे प्रश्न मंद गतीचा आहे. स्पार्क प्लगच्या टोकावरील काजळी जळून जाण्यास सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सियस तापमान लागते. घोडबंदर रस्त्यावर किंवा शिळफाट्याच्या कोंडीत गाडी जागेवर उभी असताना इंजिन बराच वेळ मंद गतीने चालू राहते, तेव्हा ते गाठणे कठीण जाते. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा व टॅक्सींत थर तुलनेने कमी धरतो.

थर काढण्यासाठी पूर्वी हेड (सिलिंडरवरचा झाकणासारखा भाग) उतरवून पिस्टनचा माथा खरवडणे हे नेहमीचे काम होते. जीडीआय इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळायचे स्वच्छताकारक द्रव इनलेट वाल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. तेथे इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्या) काढून अक्रोडाच्या टरफलांचा भरडा हवेच्या दाबाने मारतात. भरडा धातूपेक्षा मऊ असल्याने वाल्व्हला ओरखडा पडत नाही; परंतु त्या सिलिंडरचे इनलेट वाल्व्ह पूर्ण बंद असल्याची खात्री आधी करावी लागते, अन्यथा भरडा सिलिंडरमध्ये उतरतो.