हार्ट फेल, कमजोरी आणि सलाईनची बाटली : पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात ‘हार्ट फेल’ हे आजाराचं नाव नाही, ती मयतीची बातमी असते. ‘काल रात्री बुढा हार्ट फेल झाला’ असं कोणी सांगितलं की ऐकणारा तिरडीच्या तयारीला लागतो. त्यामुळे दम लागतो म्हणून एसटीनं आलेल्या, समोर स्टुलावर बसून पानाचा चंचीबटवा सोडणाऱ्या आजीच्या मुलाला ‘हिला हार्ट फेल्युअर आहे’, म्हणजे हृदय चालू आहे पण रक्त पुरेसं ढकलत नाही, असं सांगितलं, तर तो आधी आईकडे पाहतो आणि मग डॉक्टरकडे. यावर इथल्या डॉक्टरांनी कधीतरी एक सोपी वाट काढली. ‘हृदय कमजोर झालंय’, ‘पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय’ असं सांगायचं. घरच्यांची भीती गेली, पण आजीच्या हातापायांतली कमजोरी आणि तिच्या हृदयाची कमजोरी एकच होऊन बसली. गेल्या पंचवीस वर्षांत वैद्यकशास्त्रानं ज्या दोन गोष्टी मोठ्या कष्टानं वेगळ्या मोजायला घेतल्या, हृदयाचा आजार आणि सगळ्या अंगाचं खचणं म्हणजे जर्जरता, त्या इथे एका शब्दात पुन्हा कालवल्या गेल्या.

जुना इतिहास फार लांबवण्यात अर्थ नाही. सूज चढत जाते आणि त्याच वेळी खांद्यामांड्यांचं मांस वितळत जातं, हे प्राचीन ग्रीक वैद्यांनी लिहून ठेवलं होतं. १७८५ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं डिजिटॅलिस या औषधी वनस्पतीच्या पानांवरचे आपले अनुभव छापले. पुढची जवळपास दोनशे वर्षं उपचार म्हणजे ते औषध, अंगातलं पाणी काढणं आणि सक्तीची विश्रांती. ‘हृदयाला आराम हवा’ म्हणून रुग्णाला खाटेवर टाकलं जाई आणि त्यात पायांतली उरलीसुरली ताकदही जाई. १९८७ मध्ये उत्तर युरोपातल्या एका चाचणीनं दाखवलं की एनालाप्रिलच्या गोळीनं गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी होतात. त्या चाचणीतल्या रुग्णांचं सरासरी वय सत्तरीच्या पुढे होतं. त्यानंतरच्या मोठ्या चाचण्यांत मात्र ते साठीच्या आसपास उतरलं. खूप थकलेले, अनेक आजार असलेले, ये-जा करू न शकणारे म्हातारे बाहेरच राहिले. औषधं सिद्ध झाली ती तुलनेनं धडधाकट रुग्णांवर.

२००१ साली अमेरिकेतल्या एका गटानं जर्जरतेची पाच लक्षणं ठरवली : वर्षभरात नकळत साडेचार किलोच्या आसपास वजन घटणं, सतत थकवा, हाताची पकड सैल पडणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. तीन किंवा अधिक असतील तर माणूस जर्जर, एक-दोन असतील तर उंबरठ्यावर. त्याच वर्षी कॅनडातल्या दुसऱ्या गटानं वेगळा हिशेब मांडला : आजार, अपंगत्व, विसरभोळेपणा अशा सगळ्या उणिवा मोजा आणि एकूण यादीतल्या किती भरल्या ते पाहा. २००५ मध्ये त्याच देशातून, रुग्णाकडे पाहून आणि घरच्यांना विचारून आकडा देता येईल अशी, धडधाकटापासून पूर्ण परावलंबीपर्यंतच्या पायऱ्यांची पट्टी आली. तिन्ही पद्धती आजही वापरात आहेत आणि एकाच माणसाबद्दल तिन्हींचं उत्तर नेहमी एक येत नाही.

हृदयाच्या रुग्णात पहिली अडचण वजनकाट्यावरच येते. पायांत आणि पोटात पाणी साठलं की अंगावरचं मांस उतरत असूनही काटा हलत नाही. उलट लघवीची गोळी लागू पडली की चार दिवसांत वजन उतरतं आणि घरचे म्हणतात, ‘गोळ्यांनी म्हातारी खंगली.’ हालचालीचं तर विचारूच नका. मूळ प्रश्नावली अमेरिकन निवांत वेळेची : हिरवळ कापता का, गोल्फ खेळता का, पोहता का. यवतमाळच्या कोरडवाहू शेतात निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या सत्तरीच्या बाईला त्यात शून्य मिळेल. पायऱ्यांच्या पट्टीत स्वयंपाक, पैशाचे व्यवहार स्वतः करता का असे मुद्दे येतात. इथल्या बहुतेक म्हाताऱ्यांनी जन्मात चूल पेटवलेली नसते आणि म्हातारीनं बँकेची पायरी चढलेली नसते. म्हणजे दोघंही तरुणपणापासूनच ‘अवलंबून’.

चाल मोजणं त्यातल्या त्यात सरळ : चार-पाच मीटर अंतर आणि मोबाईलमधलं घड्याळ. पण २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनं विदर्भात कितीतरी लोकांचे सांधे धरले, काहींचे ते नीट सुटलेच नाहीत. त्यामुळे मंद चाल हृदयाची, वयाची की गुडघ्याची, हे सांगणं अवघड. शिवाय गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर घेतलेली दुखण्याची गोळी अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवते, मूत्रपिंडावर ताण आणते आणि सावरलेलं हृदय पुन्हा बिघडवते.

आता शब्दाकडे. या शास्त्रीय कल्पनेला, इंग्रजीतल्या ‘फ्रेल्टी’ला, मराठी नाव द्यायला गेलं तर प्रत्येक शब्द आधीच दुसऱ्या कामावर लागलेला दिसतो. ‘प्रकृती नाजूक’ म्हणजे वर्तमानपत्राच्या भाषेत आता काही तासांचा प्रश्न. ‘दुर्बल’ म्हटलं की घटक आठवतो आणि दाखला मिळेल का अशी चौकशी सुरू होते. ‘ठिसूळ’ हाडांनी घेतला. ‘जर्जर’ पडायला आलेल्या वाड्यांना लागतो. दुसरा बरा सापडत नाही म्हणून या टिपणात मी तोच वापरतो आहे. गावातला सगळ्यात नेमका शब्द ‘खंगणे’, पण त्यात फक्त अंग वाळणं येतं, चाल आणि पकड येत नाही.

आणि ‘थकणे’. या एका क्रियापदानं जितका घोळ घातला आहे तितका कुठल्याच प्रश्नावलीनं घातला नसेल. ‘बाबा आता थकले’ म्हणजे म्हातारे झाले. ते लक्षण नाही, वय आहे. ‘थकवा वाटतो का?’ असं विचारलं की आजोबा हसून म्हणतात, ‘आता नाही थकणार तं कवा थकणार?’ भाषेनंच ठरवून टाकलं आहे की म्हातारपण आणि थकवा एकच. तक्रार करण्यासारखं त्यात काही उरतच नाही. दम लागायला लागून, रात्री तीन उशा घ्याव्या लागून, पाय सुजून दोन-तीन महिने गेल्यावर माणूस येतो, कारण तोवर तो नुसता ‘थकत’ होता.

तक्रार होते ती ‘कमजोरी’ची. आणि कमजोरीवरचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. ‘मायले लय कमजोरी आली जी, एक बाटल लावून द्या.’ सलाईनवरचा हा विश्वास अडाणीपणातून आलेला नाही. पावसाळ्यात हगवण-उलट्यांच्या साथीतली माणसं याच बाटलीनं वाचली, उन्हाळ्यात शेतात कोसळलेला माणूस याच बाटलीनं उठून बसला. जे डोळ्यांदेखत घडलं त्यावर लोकांनी भरवसा ठेवला. चूक झाली ती आम्हा डॉक्टरमंडळींची. बाटली कशासाठी हे सांगायचा कंटाळा केला आणि मागेल त्याला लावली.

अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खा, असा आंतरराष्ट्रीय सल्ला आहे. म्हणजे ज्या आजीला लोणचं-पापड बंद करायला सांगितलं, तिच्या शिरेत तासाभरात जवळपास दिवसभराचं मीठ, वर अर्धा लिटर पाणी. ताकद म्हणाल तर त्यात शून्य कॅलरी. ग्लुकोजची बाटली लावली तर शंभरेक कॅलरी, म्हणजे अर्धी भाकरीसुद्धा नाही. रात्री तिला फेस येईस्तोवर दम लागतो आणि पहाटे गाडी करून जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं. कागदावर ‘पुन्हा भरती’ एवढंच येतं. सुरुवात ‘कमजोरी’ या शब्दापासून झाली हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

हाच शब्द उलट्या बाजूनंही कापतो. ‘फार कमजोर आहे, झेपणार नाही’ असं म्हणून औषधाचा डोस वाढवायचा राहतो, इको (हृदयाची सोनोग्राफी) राहतो, मोठ्या दवाखान्यात पाठवायचं राहतं. असं फक्त घरचेच म्हणतात असं नाही.

आकडे काय सांगतात? हृदयाच्या या आजारात जर्जरता किती, याचे निरनिराळे अभ्यास २०१७ मध्ये एकत्र केले गेले तेव्हा प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास निघालं. आणि त्याचा वयाशी म्हणावा तसा संबंध दिसला नाही. आपल्याकडे ही गोष्ट जास्त लागू पडते, कारण भारतातले रुग्ण पश्चिमेपेक्षा सुमारे दहा वर्षांनी लहान असतात. केरळमध्ये २०१३ साली भरती झालेल्या १,२०५ रुग्णांच्या नोंदीत सरासरी वय ६१ होतं. साठीतला माणूस ऐंशीच्या अंगानं चालतो आहे, हे चित्र मेळघाटापासून चंद्रपूरपर्यंत कोणत्याही ओपीडीत दिसेल. जर्जर रुग्णांत मृत्यूची आणि पुन्हा भरती होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीड पट आढळली आहे.

२०२० च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये एक निर्णय झाला. कोरोनाच्या लाटेत अतिदक्षता विभागात कोणाला घ्यायचं हे ठरवताना तीच पायऱ्यांची पट्टी वापरायची सूचना निघाली. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच तिच्यात दुरुस्ती करावी लागली : तरुणांना आणि कायमचं अपंगत्व असलेल्यांना ती लावू नका. मोजपट्टी काळजी वाढवण्यासाठी बनली होती आणि दारावर उभी राहिली, हा आक्षेप मला रास्त वाटतो. आपल्याकडे अशी लेखी सूचना लागतच नाही, वर म्हटलेलं ‘झेपणार नाही’ पुरतं.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयाच्या त्रासानं भरती झालेल्या साठीपुढच्या ३४९ रुग्णांपैकी निम्म्यांना तोल सावरणं, खुर्चीतून उठणं, ताकद, चालणं यांचा सराव रुग्णालयातच सुरू करून तीन महिने दिला गेला. जवळपास सगळेच जर्जर किंवा उंबरठ्यावरचे होते. चालणं-उठणं स्पष्ट सुधारलं. पुन्हा भरती होण्याचं प्रमाण मात्र लक्षात येण्याइतकं घटलं नाही. काहींनी यातून ‘काही उपयोग नाही’ असा अर्थ काढला. ज्या घरात संडास अंगणाच्या टोकाला आहे तिथे स्वतः उठून जाता येणं हा परिणाम नाही का?

२०२२ मध्ये डापाग्लिफ्लोझिन या मुळात मधुमेहाच्या, आता हृदयासाठीही दिल्या जाणाऱ्या गोळीच्या आधीच्या चाचणीची आकडेवारी जर्जरतेनुसार पुन्हा तपासली गेली. जे जास्त जर्जर त्यांना फायदा कमी नव्हता, जगण्याच्या गुणवत्तेत तर त्यांनाच सर्वाधिक होता. अर्थात अगदी खाटेला खिळलेला माणूस अशा चाचणीत शिरतच नाही, हे ध्यानात ठेवावं. या गोळीचं मुख्य पेटंट भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं होतं आणि किमती कोसळल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये तिच्या बहिणीचं, एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंटही संपलं. मेडिकलवर आता दोन्ही मिळतात.

सेवाग्रामला देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झालं, म्हणजे मोठा दवाखाना विदर्भाच्या खेड्यांना नवा नाही. नवी आहे ती पैशाची आणि प्रवासाची सोय. २०१२ मध्ये राज्याची मोफत उपचार योजना ज्या आठ जिल्ह्यांत आधी आली त्यांत गडचिरोली आणि अमरावती होते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील सगळ्यांना एसटी मोफत झाली आणि काही रुग्ण खरोखरच तपासणीला वेळेवर येऊ लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, पाच लाखांच्या उपचारांचं केंद्राचं कार्ड आलं. उपचारांच्या या योजना भरती झाल्यावर चालतात. दर महिन्याच्या गोळ्या आणि खुर्चीतून उठायचा सराव त्यांत येत नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लघवीच्या गोळीचा डोस बहुतेकांना पुन्हा तपासून घ्यावा लागतो, नाहीतर म्हातारा न्हाणीत भोवळ येऊन पडतो. त्या वेळी घरचे पुन्हा तेच म्हणतात : कमजोरी आली. तेव्हा आधी उभं करून बीपी बघावं लागतं, मग पाय दाबून सूज, मग दारापर्यंत चालवून चाल. बाटली लावायची की नाही हे त्यानंतर.